पाहुण्याचा शेरा

आपल्या मराठी शाळांत पूर्वी शेरेबुक नावाची एक जाड वही असे. तपासणीस साहेब सकाळी येत, चार वर्गांतून फेरी मारत, चहा घेत आणि दुपारी परतण्यापूर्वी त्या वहीत दोन-तीन ओळींचा अभिप्राय लिहून जात. त्या दोन ओळींना मोठे वजन असे; मास्तरांच्या वीस वर्षांच्या अनुभवाला मात्र कोणत्याही वहीत जागा नसे. पुढे आंध्र प्रदेश शासनाच्या आणि अखेरची काही वर्षे तेलंगण शासनाच्या सेवेत प्रस्तुत लेखकाने असे शेरे शेकड्यांनी वाचले आणि वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्यांची उत्तरेही तयार केली. शेरा चुकीचा असे असे नव्हे. शाळेचे छप्पर गळते हे साहेबांना बरोबर दिसे. ते का गळते, दुरुस्तीचा प्रस्ताव कोठे अडकला आहे, हे विचारण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसे, आणि उत्तर ऐकण्याची गरजही त्यांना वाटत नसे.

हे स्मरण होण्याचे कारण आपल्या त्रैमासिकात नियमाने येणारी अमेरिकेची प्रवासवर्णने. मुलगा न्यू जर्सीत किंवा मुलगी टेक्सासात. मुक्काम पाच-सहा महिन्यांचा. परतल्यावर लेख ठरलेला. त्यात परसदारी आलेली हरणे असतात, कुंपणावरची खार असते, यलोस्टोनचे अस्वल आणि गवे असतात, आणि त्याच ओघात 'तेथील लोक' येतात: शिस्तीचे, हसतमुख, स्वच्छताप्रिय, पण कुटुंबव्यवस्था ढासळलेली. प्राणी आणि माणसे एकाच परिच्छेदात, एकाच मोटारीच्या काचेतून पाहिलेली. लिहिणारे सारे आपलेच स्नेही आहेत, सज्जन आहेत. विरोध त्यांना नाही. विरोध या लेखनप्रकाराला आहे, आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याचा माझा मुळीच विचार नाही.

या प्रकाराचा सर्वांत मोठा धनी आपल्या मुंबईत जन्मला होता. रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. इंग्लंडात शिक्षण आटोपून सोळा-सतरा वर्षांचा असताना तो लाहोरच्या वृत्तपत्रात लागला, पुढे अलाहाबादच्या 'पायोनियर'मध्ये आला. त्या काळात त्याला सर्वांत जास्त चीड होती ती विलायतेहून हिवाळ्यात येणाऱ्या, चार महिने हिंडून हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणाऱ्या पाहुण्यांची. १८८६ च्या आपल्या एका कवितेत त्याने पॅजेट नावाच्या अशाच एका पार्लमेंट सभासदाला उन्हाळाभर येथे ठेवून घेतले आणि त्याची कशी गाळण उडाली ते मिटक्या मारीत सांगितले. जगभर धावणाऱ्या या प्रवाशांची त्याने आपल्या राजपुतान्यातील पत्रांतही यथेच्छ टिंगल केली आहे.

आणि हाच गृहस्थ मार्च १८८९ मध्ये कलकत्त्याहून निघून ब्रह्मदेश, चीन, जपान करीत मे महिन्याच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. अमेरिकेत तो चारएक महिने होता. म्हणजे पॅजेटपेक्षाही कमीच! एवढ्या अवधीत त्याने ऑरेगनमध्ये क्लॅकमस नदीवर सामन मासे पकडले आणि आनंदाने वेडा झाला. कोलंबिया नदीकाठच्या कारखान्यात चिनी मजूर तेच मासे डब्यांत भरताना पाहिले. यलोस्टोनमध्ये उष्ण झरे पाहिले आणि बरोबरच्या सहलकरी अमेरिकनांवर तोंडसुख घेतले. शिकागोत डुकरांचा कत्तलखाना पाहिला आणि ते शहर पुन्हा कधी दृष्टीस पडू नये अशी इच्छा छापून टाकली. वर्णने अप्रतिम आहेत, याबद्दल दुमत नाही. तेवीस वर्षांच्या मुलाच्या लेखणीत असा जोर क्वचितच सापडेल. पण हिंदुस्थानावर शेरा मारणारा पाहुणा जर मूर्ख, तर अमेरिकेवर शेरा मारणारा पाहुणा शहाणा कसा, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. ही पत्रे पुढे अमेरिकेत त्याच्या परवानगीवाचून पुस्तकरूपाने निघाली.

आपलीही तऱ्हा याहून वेगळी नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे दोन दिवस येतात, चारमिनार पाहतात, बिर्याणी खातात आणि जाताना सांगून जातात की तुमच्या मराठीला उर्दूचा वास येतो. आपण चिडतो. चिडणे योग्यच आहे. ज्या घरांनी निजामी अमदानीत मराठी शाळा चालवल्या, १९०७ मध्ये विवेकवर्धिनी उभी केली, १९५६ मध्ये राज्याचे तीन तुकडे होऊन नात्यागोत्यांच्या मधून सीमा गेल्या तरी भाषा सोडली नाही, त्यांच्या बोलीवर शेरा मारण्यासाठी दोन दिवस पुरे कसे होतात? आपल्याला हे कळते. विमान न्यूअर्कला उतरले की मात्र कळेनासे होते.

परसदारच्या हरणांचेच उदाहरण घेऊ, कारण ती प्रत्येक लेखात असतात. लेखकाचा निष्कर्षही ठरलेला: पाहा, हे लोक निसर्गावर कसे प्रेम करतात, हरणे निर्धास्त हिंडतात. वस्तुस्थिती अशी की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या शेपटीचे ते हरीण बाजारासाठी चाललेल्या शिकारीने अमेरिकेत जवळजवळ संपत आले होते. काही लाखच उरले होते. १९०० च्या लेसी कायद्याने चोरून मारलेल्या जनावरांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालणारा व्यापार रोखला, ओस पडलेल्या शेतांवर पुन्हा झाडी माजली, आणि हरणांना खाणारे लांडगे व प्यूमा तर आधीच पूर्वेकडून नाहीसे केलेले. आज त्या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास धरतात. दरसाल लाखो मोटारी त्यांच्यावर आदळतात. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी त्यांच्या अंगावर पोसल्या जातात. जंगलात नवी रोपटी वाढत नाहीत, कारण ती कोवळी असतानाच हरणे खातात. जे दृश्य पाहून आपल्या स्नेह्यांचे डोळे पाणावतात, ते लांडगा नसल्याचे चिन्ह आहे. शेजारच्या घरातला माणूस नोव्हेंबरात बंदूक घेऊन निघतो तेव्हा त्याच आपल्या स्नेह्यांना हिंसेचा तिटकारा येतो. पण १९३७ च्या कायद्यान्वये बंदुका-काडतुसांवर बसणारा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो आणि शिकारीच्या परवान्यांच्या पैशाने अभयारण्ये चालतात, हे त्या शेजाऱ्याला विचारले असते तर त्याने बसवून सांगितले असते. कुंपणावरची खारदेखील तेथे आपसूक आलेली नाही. फिलाडेल्फियासारख्या शहरांच्या उद्यानांत ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुद्दाम आणून सोडली. म्हणजे प्राणी आणि स्थानिक संस्कृती हे दोन विषय नव्हेतच. हरणाची गोष्ट ही माणसांच्या कायद्याची, बाजाराची, शेतीची गोष्ट आहे. ती काचेतून दिसत नाही.

यलोस्टोनचे तेच. ते जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १८७२ चे. किपलिंग तेथे गेला त्याच वर्षी हॉर्नाडे या प्राणिशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेत उरलेल्या गव्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. आकडा निघाला १,०९१. कोट्यवधींतून हजारावर. ज्या शोशोनी आणि इतर जमाती त्या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या शिकार करीत होत्या त्यांना तोवर बाहेर काढलेले होते आणि उद्यानावर १८८६ पासून लष्कराचा पहारा होता. पुढे १९२६ पर्यंत तेथील लांडगेही संपवले. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून एकतीस लांडगे आणून सोडावे लागले. आज आपले स्नेही जो गवा पाहून येतात त्याच्या मागे एवढा इतिहास उभा आहे. लेखात मात्र छायाचित्र आणि 'अविस्मरणीय' हा शब्द.

कोणी म्हणेल, पाहुण्याने मग काय करावे, गप्प बसावे? मुळीच नाही. त्याच सॅन फ्रान्सिस्को बंदरातून, किपलिंग उतरण्याच्या सहाएक महिने आधी, एक मराठी बाई परतीच्या प्रवासाला निघाली होती. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशांच्या पदवीदान समारंभासाठी गेल्या आणि जवळजवळ पावणेतीन वर्षे राहिल्या. व्याख्याने दिली, शाळा पाहिल्या, बायकांच्या संस्थांचे कामकाज आतून समजून घेतले, हजारो मैल हिंडल्या. १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' निघाले. शीर्षकातील क्रम पाहावा: लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, स्त्रियांची स्थिती यांवर त्यात प्रकरणे आहेत. मूळ रहिवाशांवर आणि गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या लोकांवर झालेला अन्यायही त्यांनी झाकलेला नाही. अमेरिकेची स्तुती काही ठिकाणी जास्त झाली आहे असे माझे मत आहे. मदत तेथूनच मिळायची होती, त्याचाही तो परिणाम असेल. पण ही बाई पाहुणी असूनही पाहुण्यासारखी वागली नाही. दोघांचेही नाते हिंदुस्थानाशी, वर्षे जवळपास तीच, देश तोच. मराठी वाचकाने किपलिंगचा कित्ता गिरवावा की रमाबाईंचा?

किपलिंगला सोडण्यापूर्वी त्याच्या पुढच्या कारभाराकडे वळले पाहिजे, कारण तो आपल्या अधिक जवळचा आहे. १८९२ मध्ये अमेरिकन पत्नीसह तो व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथे राहावयास गेला. १८९६ पर्यंत तेथे होता. त्या बर्फाळ मुलखात बसून त्याने सिवनीच्या जंगलाची गोष्ट लिहिली. 'जंगल बुक' १८९४ चे, दुसरा भाग १८९५ चा. सिवनी म्हणजे एके काळचा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख; वैनगंगा तेथूनच निघून भंडाऱ्याकडे येते. किपलिंग त्या जंगलात कधी गेला नव्हता असेच त्याचे अभ्यासक सांगतात. स्टर्नडेल नावाच्या साहेबाचे सिवनीवरचे १८७७ चे पुस्तक आणि स्वतःच्या वडिलांचे हिंदुस्थानातील जनावरांवरचे पुस्तक त्याने पुढ्यात घेतले होते. म्हणजे एका पाहुण्याच्या शेऱ्यावरून दुसऱ्या पाहुण्याने रचलेली ही कथा. आज पेंचच्या मध्य प्रदेशाकडील अभयारण्याला मोगलीचे नाव आहे, आणि दूरदर्शनवर १९९३ मध्ये मोगली पाहिलेल्या पिढीला सातपुडा त्याच्याच डोळ्यांनी दिसतो.

त्या कथेत जनावरांना कायदा आहे, शिस्त आहे, वचनाची चाड आहे. गावकऱ्यांना काय आहे? भुताखेतांवरचा विश्वास, बढाईखोर बुलदेव शिकारी, आणि मोगलीला सांभाळणाऱ्या बाईला चेटकीण ठरवून जाळण्याची तयारी. शेवटी जंगल गाव गिळते आणि वाचकाला त्यात न्याय झाल्यासारखे वाटते. या वाटण्याला राजकीय अर्थ होता. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील गावकऱ्यांचे चराईचे, लाकूडफाट्याचे पिढीजात हक्क सरकारच्या मर्जीवर गेले होते. रानात जनावरे शहाणी आणि माणसे नालायक असतील तर रान सरकारनेच सांभाळलेले बरे, हे ओघाने आले. किपलिंगने १८९३ च्या आपल्या एका कथेत मोठ्या झालेल्या मोगलीला काय केले हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याला वनखात्यात चाकरीला लावले, आणि शेवटी पेन्शनही कबूल केले! वनाचा राजा आम्हा पेन्शनरांच्या पंक्तीत बसला. असो.

कथेबाहेर काय घडत होते ते आपल्याच संस्थानात पाहावे. आदिलाबादच्या गोंडांना राखीव जंगलांच्या नियमांखाली पोडू शेतीवरून उठवले, गुरे चारल्याबद्दल दंड केले. त्यातून कुमरम भीमचा लढा उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला चौकशीसाठी पाठवले. तो परका होता, पण मारलवाई गावी गोंडांमध्ये राहिला, त्यांची भाषा शिकला. त्याच्या पत्नीची समाधी आजही त्या गावात आहे. आणि त्याच सुमारास आदिलाबादेत नेमणुकीस असलेले आपले सेतुमाधवराव पगडी! निलंग्याचा हा माणूस हैदराबाद मुलकी सेवेतला अधिकारी. कचेरीत बसून दुभाष्याकडून काम भागले असते. ते गोंडी शिकले, कोलामी शिकले, आणि 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक लिहिले. इतिहासकार म्हणून आपण त्यांचा जयजयकार करतो. गोंडी शिकणारे पगडी मात्र आपल्या सभांतून फारसे कोणी सांगत नाही. मारुती चितमपल्लींचेही तसेच. सोलापूरचा हा वनाधिकारी ज्या पारध्यांपासून, गोंडांपासून, ढिवरांपासून पाखरांची नावे शिकला त्यांची दाद आपल्या लेखणीत देत राहिला.

ताज्या नजरेचे काय, असा आक्षेप येईल. परक्याला जे दिसते ते घरच्याला दिसत नाही, हे खरेच आहे. कर्नल मेडोज टेलर पंधरा वर्षांचा असताना १८२४ मध्ये या देशात आला, निजामाच्या फौजेत लागला, सुरपूरला आणि नळदुर्गला कारभार पाहिला. सुरपूरच्या माळावरची महापाषाणयुगीन दगडी वर्तुळे घरच्यांना दगड वाटत होती. त्याने ती मोजली, चितारली. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर 'तारा' ही कादंबरी १८६३ मध्ये लिहिली. ही ताजी नजरच. पण तिच्या मागे छत्तीस वर्षांचे वास्तव्य आणि येथल्या भाषा होत्या. सहा महिने मुलीच्या सोफ्यावर बसून ती येत नाही.

आता सर्वांत कटू गोष्ट. ३० मार्च २०२५, गुढीपाडवा. बेगम बाजारात आपल्या घरांवर गुढ्या उभ्या होत्या, त्याच दिवशी हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कंचा गच्चीबावलीच्या चारशे एकरांत पोलीस बंदोबस्तात यंत्रे शिरली. झाडे आडवी झाली, मोर ओरडत राहिले, हरणे सैरावैरा झाली. विद्यार्थ्यांनी चित्रफिती काढल्या आणि मारही खाल्ला. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवले, तोवर शंभरएक एकर साफ झाले होते. सर्वे नंबर २५. महसुली कागदांशी ज्याचा संबंध आला त्याला हा प्रकार नवा नाही. 'कंचा' म्हणजे तेलुगूत गुरांचे रान, चराऊ जमीन. नावातच त्या जमिनीचा उपयोग सांगितलेला आहे; पण कागदावर ती सरकारी रिकामी जमीन. ती 'रिकामी' आहे हे कोणी ठरवले? एखाद्या पाहुण्यानेच. कोणी तरी जीपमधून आला, झुडपे पाहिली, शेरा मारून गेला. मेंढरे घेऊन येणाऱ्याला विचारले नाही, हरणांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. जंगलाला नालायक माणसांपासून वाचवणारा तो जुना शेरा आणि जंगलालाच रिकामे ठरवणारा हा नवा शेरा यांत नजरेचा फरक मला दिसत नाही.

त्या वर्षीचे आपले अंक चाळून पाहा. अमेरिकेच्या हरणांवर चार पाने आहेत, छायाचित्रासह. गच्चीबावलीच्या हरणांवर ओळ नाही. ती आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहेत.

हे विसरून चालणार नाही की येथे दोनशे वर्षे राहूनही आपल्यापैकी कित्येकांना दुकानावरची तेलुगू पाटी वाचता येत नाही. दसऱ्याला आपण आपट्याची पाने वाटतो, शेजारी जम्मीची देतो, आणि त्याच दिवशी नीलपंखाचे, येथल्या भाषेत पालपिट्टाचे, दर्शन शुभ मानतो. २०१४ पासून तो तेलंगणाचा राज्यपक्षी आहे. दर्शनासाठी पिंजऱ्यात धरून आणलेला तो पक्षी गल्लीतून फिरवतात, भाविक पैसे देतात. त्याला कोण पकडतो, कोठून आणतो, दसऱ्यानंतर त्याचे काय होते, १९७२ च्या कायद्याने हे चालते का, यावर लिहायला आपल्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. कारण आपण त्या प्रथेच्या आतही आहोत आणि थोडे बाहेरही. हा विषय कोणी पाहुणा लिहील तेव्हा 'रंगीबेरंगी स्थानिक प्रथा' असे लिहील आणि आपण पुन्हा चिडू.

संपादक मंडळाला माझी विनंती अशी की यापुढे परदेशप्रवासाचा लेख आला तर लेखकाला दोन प्रश्न विचारावेत: तेथील किती माणसांशी घराबाहेर बोलणे झाले, आणि ज्या प्राण्याचे वर्णन केले तो तेथे कसा आला किंवा कसा टिकला. उत्तर नसेल तर लेख परत करावा. जागा रिकामी राहिली तरी हरकत नाही. मूसीच्या काठच्या घारींवर, बेगम बाजारच्या मासळीबाजारावर, चुडी बाजारात विकायला येणाऱ्या मुनियांवर लेख मिळेपर्यंत ती तशीच ठेवावी.

पुढच्या उन्हाळ्यात जे अमेरिकेला निघतील त्यांनी रमाबाईंचे पुस्तक बरोबर न्यावे, शेजारच्या शिकाऱ्याला चहाला बोलवावे, आणि परतल्यावर लेख लिहावयास बसण्यापूर्वी वनस्थलीपुरमला जाऊन यावे. निजामाच्या शिकारीच्या रानाचे १९७५ मध्ये महावीर हरिण वनस्थली झाले. काळविटे पाहायची तर सकाळी लवकर जावे.